प्रेस ७ चा हिशोब : प्रकल्प नोंदी

४ मे

शॉप फ्लोअरवर पहिली फेरी. ४० मशिन्स, तीन पिढ्यांची. नव्यांच्या पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकात) आकडे बाहेर द्यायला ओपीसी यूए हा प्रोटोकॉल आहे, मधल्यांत मॉडबस टीसीपी हा जुना, आणि शेवटच्या पाच प्रेसना (पत्रा दाबून नग काढणाऱ्या मशिन्सना) काहीच नाही. डोक्यावर लाल-पिवळा-हिरवा टॉवर लाइट आणि पॅनेलमध्ये एक रिले (विजेचा स्विच), एवढंच. अपेक्षा मात्र सगळ्यांकडून सारखी: पाळी संपल्यावर दहा मिनिटांत उत्पादन, रिजेक्ट आणि थांबलेला वेळ क्लाउडवरच्या डॅशबोर्डवर दिसला पाहिजे.

सुपरवायझरांच्या टेबलावर एक जाड वही असते. तासातासाचे आकडे, खाडाखोड केली असेल तिथे बारीक सही. मी म्हटलं, हे आता आपोआप येईल. ते म्हणाले, "येऊ द्या की, मॅडम. आधी वहीशी जुळवून दाखवा, मग वही बंद करू." वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवलंय. काम पूर्ण झालं कधी म्हणायचं, हे इतकं स्पष्ट प्रकल्पाच्या कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही.

(स्वतःसाठी: इथे त्या वहीलाही रजिस्टर म्हणतात आणि पीएलसीतल्या १६ बिटांच्या खणालाही. या नोंदींत वही म्हणजे वही, रजिस्टर म्हणजे पीएलसीतलं.)

जुळणीसाठी प्रेस ७ निवडली. मिनिटाला ४० स्ट्रोक (एक दाब, एक नग), तिन्ही पाळ्यांत चालते.

७ मे

टॅगची (मशीनमधून वाचायच्या प्रत्येक मोजमापाच्या नावाची) एक्सेल यादी मिळाली. त्यात 'टेम्प_१', 'टेम्प_१_नवीन' आणि 'टेम्प_१_नवीन_फायनल' असे तीन भाऊ आहेत. जिवंत कोणता, ते यादीवरून कळत नाही. नावं देणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला. एककाचा रकाना नाही. दाब बारमध्ये की मेगापास्कलमध्ये? इलेक्ट्रिशियनबरोबर एकेका पॅनेलपुढे उभं राहून यादी तपासते आहे. दोन दिवस जातील. जाऊ देत. हे काम टेबलावर बसून केलं की पुढे महिनाभर त्याची फेड करावी लागते.

९ मे

प्रेस ७ चं तेलाचं तापमान माझ्याकडे ०.००. प्रेस जोरात चालू, पॅनेलवर ५४.५ अंश. आधी पत्त्यावर संशय घेतला, कारण मॉडबसमध्ये मॅन्युअलात ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर ० क्रमांकाचं असतं, आणि तिथे एकाने चुकणं हा नेहमीचा खेळ. पण पत्ता बरोबर होता.

मग कच्ची रजिस्टरं छापून बघितली: पहिलं ०, दुसरं १६९८६. इथे ट्यूब पेटली. मॉडबसमध्ये रजिस्टर १६ बिटांचं. ३२ बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत तोडून ठेवावी लागते, आणि त्यातला कोणता तुकडा आधी ठेवायचा याचा नियम प्रोटोकॉलने घालूनच दिलेला नाही. ज्या कंपनीला जे सुचलं ते तिने केलं. तुकडे उलटे लावून पाहिले तर बरोबर ५४.५. सुलटे लावले तर दशांश चिन्हानंतर चाळीस शून्यं येऊन मग कुठे एक आकडा, म्हणजे डॅशबोर्डवर नुसतं ०.००.

भीती वाटते ती याची, की आकडा वेडावाकडा आला असता तर कुणीही पकडला असता. शून्य पाहून माणूस "सेन्सर बंद असेल" म्हणतो आणि पुढे जातो. मॉडबसच्या १८ मशिन्सवर तुकड्यांचा क्रम मशीनगणिक तपासून सेटिंगच्या फाइलीत लिहिला. सहा उलटी निघाली.

१४ मे

क्लाउडकडे किती मेसेज जाणार याचं गणित. ४० मशिन्स, प्रत्येकी २५ टॅग, सेकंदाला एक नोंद, म्हणजे दिवसाला ८ कोटी ६४ लाख नोंदी. प्रत्येक नोंदीचा वेगळा मेसेज करणं हा वेडेपणा. मशीनमागे दर १० सेकंदांचा एक गठ्ठा केला तर दिवसाचे ३,४५,६०० मेसेज. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर मशिन्सचे मेसेज घेणारी सेवा म्हणजे आयओटी हब; तिथे एस १ श्रेणीच्या एका युनिटला दिवसाला ४ लाख मेसेज मिळतात, त्यामुळे क्षणभर वाटलं, बसलं.

बसत नाही. मेसेज तिथे ४ केबीच्या तुकड्यांत मोजले जातात (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस आयओटी कोअरमध्ये ५ केबीच्या). एका गठ्ठ्यात २५० नोंदी, आणि जेसन या मजकुराच्या स्वरूपात टॅगचं लांबलचक नाव दर वेळी लिहिलं की नोंद ९० बाइटांची. २२ केबी झाले, म्हणजे एका मेसेजचे सहा.

दोन गोष्टी केल्या. टॅगच्या नावाऐवजी आकडा, आणि बदल झाला तरच नोंद पाठवायची. तेलाचं तापमान अर्ध्या अंशाहून कमी हललं तर गप्प. पण गप्प बसण्याचे दोन अर्थ होतात: बदल नाही, किंवा गेटवेच (मशिन्सचे आकडे गोळा करून क्लाउडला पाठवणारा संगणक) मेला. म्हणून बदल असो वा नसो, ६० सेकंदांनी एक नोंद जायलाच हवी. शिवाय एमक्यूटीटी या मेसेज पाठवायच्या प्रोटोकॉलमध्ये 'लास्ट विल' आहेच: गेटवे निरोप न घेता गेला तर त्याच्या वतीने ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे देणारा सर्व्हर) तसं जाहीर करतो. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी हा प्रोटोकॉल तेलाच्या पाइपलाइनींसाठी, उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून कमीत कमी बाइट जावेत म्हणून केला. त्यांची अडचण आणि माझी अडचण एकच आहे.

गेटवेवर कोणत्याही एका क्लाउडची खास लायब्ररी टाकायची नाही, साधा एमक्यूटीटी ठेवायचा, हेही आज ठरलं. गूगलने आपली आयओटी कोअर सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. प्रेस २५ वर्षं चालते, क्लाउडची सेवा तितकी चालेलच असं नाही.

२३ मे

फायरवॉलच्या परवानगीची वाट पाहण्यात नऊ दिवस. मागणी एवढीच: गेटवेकडून बाहेर, पोर्ट ८८८३, टीएलएससह (सांकेतिक रूपात), बाहेरून आत काहीही नाही. आयटीवाले म्हणतात मशिन्सचं नेटवर्क आमचं नाही, मेंटेनन्सवाले म्हणतात फायरवॉल आमची नाही. मिळाली शेवटी.

३० मे

पहिली जुळणी. प्रेस ७, पहिली पाळी. वही: १३,४१२. डॅशबोर्ड: उणे ५२,१२१.

सुपरवायझरांनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे एवढा माल परत पत्रा झाला का?"

२ जून

कारण अपेक्षित तेच. काउंटर १६ बिटांचा, ६५,५३५ च्या पुढे ०. मिनिटाला ४० च्या वेगाने साधारण २७ तासांनी उलटतो. पाळी सुरू झाली तेव्हा ५८,०००, संपली तेव्हा ५,८७९. वजाबाकी उणे आली की ६५,५३६ मिळवायचे: १३,४१५.

इतकं सोपं असतं तर बरं होतं. काउंटर उलटतोही आणि ऑपरेटर बटण दाबून तो शून्यावरही आणतो. दोन्हींत मोठ्या आकड्यानंतर लहान आकडा येतो. नियम असा केला: आधीचा आकडा ६४,००० च्या वर आणि नंतरचा १,५०० च्या खाली असेल तरच उलटला धरायचं, नाहीतर रीसेट. दोन नोंदींमध्ये सेकंद-दोन सेकंदांचं अंतर असताना हा नियम चुकायला जागा फार कमी. पण गेटवे एक दिवसाहून जास्त बंद राहिला तर मधली अख्खी फेरी हरवेल आणि कळणारही नाही. तशा पाळीपुढे 'अंदाजे' असा शिक्का आपोआप पडेल अशी सोय केली.

डॅशबोर्ड १३,४१५, वही १३,४१२. तीनचा फरक. हाताने मोजताना एवढं चालायचं, असं म्हणून सोडून दिलं.

६ जून

टॉवर लाइटवाल्या पाच प्रेसचं उत्पादन दुपारी अर्ध्या तासात दुप्पट. नेटवर्क दोन मिनिटं गेलं होतं. गेटवेने नोंदी साठवून ठेवल्या, जोडणी आल्यावर पाठवल्या, पोच वेळेत आली नाही म्हणून पुन्हा पाठवल्या. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ या पोचवण्याच्या पातळीचं वचनच ते: किमान एकदा पोहोचेल. एकदाच पोहोचेल असं ते म्हणत नाही.

प्रेस ७ ला याचा धक्का बसला नाही, कारण तिथे चढता काउंटर वाचतो. तोच आकडा दोनदा आला तरी फरक शून्य. रिलेच्या पल्स (प्रत्येक नगामागे एक विजेचा ठोका) मात्र आपण एकेक करून मोजतो, तिथे दोनदा म्हणजे दोन नग. गेटवेवर प्रत्येक पल्सला अनुक्रमांक दिला. मशीन, टॅग आणि अनुक्रमांक तिन्ही जुळले तर तक्त्यात दुसरी ओळ पडत नाही. क्यूओएस २ (नेमकं एकदाच पोहोचेल) लावा असं एकाने सुचवलं. ते वचन फक्त गेटवे आणि ब्रोकर यांच्यातलं आहे. पुढच्या टप्प्यावर काम मध्येच तुटून पुन्हा चाललं की दुबार नोंद तिथे होणारच.

११ जून

रात्रपाळी जुळेना. वहीत २२:०० ते ०६:०० ची पाळी सुरुवातीच्या तारखेला लागते, माझ्याकडे मध्यरात्री दोन तुकडे होतात, तेही यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री. 'उत्पादन-तारीख' हा वेगळा रकाना केला. साठवण यूटीसीत, पाळीचा हिशोब कारखान्याच्या घड्याळाने. पाऊण तासाचं काम. पहिल्याच दिवशी का केलं नाही, याचं उत्तर नाही.

१९ जून

आजचा दिवस विसरणार नाही. सकाळी ९:४० ला डॅशबोर्डवर ३९ मशिन्स लाल, एकटी प्रेस २२ हिरवी. फोन आला: "मॅडम, तुमचा कारखाना थांबलाय. आमचा चालू आहे."

काफ्कात (नोंदींचा प्रवाह रांगेत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदी येत होत्या. कच्च्या तक्त्यातही पडत होत्या. पण मिनिटामिनिटाची बेरीज करणारं स्पार्कचं (आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचं) काम त्यांना हातच लावत नव्हतं. चूक म्हणून लॉगमध्ये एक ओळ नाही.

प्रेस २२ च्या पॅनेलची बॅटरी सकाळी बदलली आणि घड्याळ हाताने लावलं. सकाळच्या नऊऐवजी रात्रीचे नऊ. १२ तास पुढे. आता स्पार्कचा वॉटरमार्क चालतो असा: प्रवाहात आतापर्यंत दिसलेली सर्वात पुढची वेळ घ्यायची, त्यातून ठरवलेली मुभा वजा करायची (माझी १० मिनिटं), आणि त्याहून जुनं जे येईल ते उशिरा आलेलं समजून सोडून द्यायचं. एका प्रेसने रात्रीचे नऊ वाजवले आणि बाकीची ३९ मशिन्स एका फटक्यात बारा तास उशिरा ठरली. स्पार्कच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती, सांगितलं ते त्याने केलं. वॉटरमार्कमुळे सोडलेल्या ओळींचा आकडा तो दरवेळी देतोही; मी तो कधी उघडून पाहिलेला नव्हता.

२० जून

कालची डागडुजी. पहिलं, दारातच तपासणी: मशीनची वेळ गेटवेच्या वेळेपेक्षा दोन मिनिटांहून जास्त पुढे असेल तर ती नोंद वेगळ्या तक्त्यात, प्रवाहात नाही. दुसरं, नोंदीबरोबर दोन्ही वेळा ठेवायच्या, मशीनची आणि गेटवेची. तिसरं, सोडलेल्या ओळी शून्याहून जास्त झाल्या की मला इशारा. चौथं, मशिन्सच्या नेटवर्कमध्येच एक एनटीपी सर्व्हर (सगळ्यांची घड्याळं जुळवणारा); त्याचं पोर्ट १२३ बाहेर बंद असल्यामुळे इतके दिवस प्रत्येक गेटवे आपापल्या मनाने चालत होता. मोजलं तर एक सात मिनिटं मागे होता.

कालचे आकडे कच्च्या तक्त्यातून पुन्हा चालवून घेतले, काहीही हरवलं नाही. कच्चं जसं आलं तसंच ठेवायचं यावरून मे महिन्यात वाद घातला होता, तो वसूल.

२७ जून

भट्टीचं सरासरी तापमान रात्री अचानक घसरतं. सेन्सरची तार सैल. ओपीसी यूए सर्व्हर त्या नोंदींवर 'बॅड' असा दर्जा लावून पाठवत होता, आणि माझा कोड रिकाम्या जागी ० भरत होता. ९ मे ला शून्याला नावं ठेवली, इथे शून्य मीच पेरलं. दर्जाचा रकाना शेवटपर्यंत न्यायचा. रिकामं ते रिकामं.

३ जुलै

प्रेस ७ चे रिजेक्ट. वही ४१, डॅशबोर्ड १३. गेले तीन दिवस असंच, एक तृतीयांशाच्या आसपास.

प्रेसच्या तोंडाशी तपासणीचा कॅमेरा आहे, नवा, ओपीसी यूएवाला. नग वाईट निघाला की रिजेक्टचं बिट ३०० मिलिसेकंद १ होतं आणि परत ०. माझी सॅम्पलिंग (बिट तपासणं) दर १०० मिलिसेकंदांना, म्हणजे बदल सुटायला नको. आज कॅमेऱ्यापुढे उभी राहून बघितलं. लाल दिवा लागला, हवेच्या झोताने नग बाजूच्या पेटीत उडाला, आणि लॅपटॉपवर काहीच नाही. दुसरा उडाला, काही नाही. तिसरा दिसला.

सॅम्पलिंग १०० ला असली तरी सर्व्हर माझ्याकडे पाठवतो दर १००० मिलिसेकंदांनी, आणि मधले बदल साठवायची रांग मी ठेवली होती १ लांबीची. म्हणजे कुणी न बदललेली, कनेक्टरबरोबर (सर्व्हरला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर) आलेली. एका सेकंदात ०, १, ० असं झालं की रांगेत उरतो तो शेवटचा ०. पाठवायचा क्षण नेमका त्या ३०० मिलिसेकंदांत आला तरच १ दिसणार. हजारात तीनशे. ४१ चे १३ का, ते समोर आलं.

रांग २० ची केली. दुपारच्या पाळीत वही ३८, डॅशबोर्ड ३८. पण हे ठिगळच आहे. बिट पकडत बसण्यापेक्षा पीएलसीनेच रिजेक्टचा चढता काउंटर ठेवावा. पीएलसी प्रोग्रामरला विचारलं. "चालू मशीनवर प्रोग्रामला हात लावत नाही. साप्ताहिक बंदला बघू." त्याचं बरोबर आहे. माझं काम चुकलं तर आकडा चुकतो, त्याचं चुकलं तर कुणाचा तरी हात प्रेसमध्ये सापडतो.

८ जुलै

महिन्याचा अहवाल उघडायला चार मिनिटं. दर मिनिटाला मशीनमागे एक पार्के (तक्ते साठवायच्या स्वरूपाची) फाइल, म्हणजे दिवसाला ५७,६००, एकेक वीस-तीस केबीची. वेळ वाचण्यात जात नव्हता, फाइली शोधून उघडण्यात जात होता. विभागणी फक्त तारखेवर ठेवली, रात्री लहान फाइली एकत्र करणारं काम लावलं. ९ सेकंद.

१५ जुलै

ओईईची (मशीनच्या एकूण कार्यक्षमतेच्या मापाची) बैठक. जपानच्या सेइइची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभालीच्या पद्धतीबरोबर रूढ केलेलं हे माप: उपलब्धता गुणिले वेग गुणिले गुणवत्ता. गुणाकार स्पार्क करेल. कशाला काय म्हणायचं ते त्याला कुणी सांगायचं, त्यावर दोन तास गेले.

प्रेस ७ चीच एक पाळी घेऊन गेले होते. ४८० मिनिटं, ठरलेली विश्रांती ३०, उरली ४५०. थांबा ५४ मिनिटं, त्यातली ३६ डाय (प्रेसमधला साचा) बदलण्यात. चालली ३९६, उपलब्धता ८८ टक्के. त्या वेळात १५,८४० स्ट्रोक व्हायला हवे होते, झाले १३,८६०: वेग ८७.५. रिजेक्ट ४१: गुणवत्ता ९९.७. ओईई ७६.८ टक्के.

उत्पादनवाल्यांचं म्हणणं, डाय बदल ठरलेलाच असतो, तो थांबा कसा? ती ३६ मिनिटं नियोजित वेळेतूनच काढली की नियोजित ४१४, उपलब्धता ९५.७, ओईई ८३.४. त्याच प्रेसचे, त्याच पाळीचे, तेच स्ट्रोक. नाकाजिमांच्या सहा मोठ्या तोट्यांत डाय बदलून मशीन लावण्याचा वेळ तोटा म्हणूनच धरलेला आहे, हे मी सांगितलं. शांतता पसरली. उत्तम म्हणून नावाजलेली ८५ टक्के ओईईची पातळी अचानक लांब गेली होती.

माझं मत: तोटाच धरावा. नाहीतर डाय बदल ३६ मिनिटांवरून ६० वर गेला तरी आकडा ढिम्म हलणार नाही, आणि मग हा आकडा पाहायचा कशासाठी? निर्णय झाला नाही. थांब्याचं कारण वेगळ्या रकान्यात ठेवलंय, दोन्ही बाजूंनी मोजता येईल. डॅशबोर्डवर कोणता दाखवायचा ते ठरलं की एक ओळ बदलायची.

२२ जुलै

तो तीनचा फरक. सोडून दिला होता, पण तो सुटेना. बाकी सगळं दुरुस्त झाल्यावर तो एकटाच उघडा पडला. पाच पाळ्यांचे फरक एकाखाली एक लिहिले: ३, ३, ६, ०, ३. मोजण्यातली चूक इतकी शिस्तीत येत नाही.

बैठकीसाठी काढलेले थांबे शेजारी ठेवले. त्याच पाळ्यांतले डाय बदल: १, १, २, ०, १.

लॅपटॉप बंद करून खाली गेले. डाय बदल संपला, प्रेस सुरू झाली, पहिले तीन नग निघाले आणि क्वालिटीचा माणूस ते गेजवर (माप तपासायच्या साधनावर) लावायला घेऊन गेला. चौथ्यापासून पेटीत. सुपरवायझर पेट्या मोजतात, काउंटर स्ट्रोक मोजतो.

"मग बरोबर कोण?" मी विचारलं.

"दोघंही. स्ट्रोक झालाच की, पण माल नाही झाला."

म्हणजे मी जून महिन्यात 'हाताने मोजताना चालायचं' म्हणून ज्या वहीला माफ केलं होतं, तिच्यात चूक नव्हतीच. तसं त्यांना सांगितलं. ते हसले आणि पट्टी घेऊन वहीत एक नवा उभा रकाना आखला, वर लिहिलं 'नमुना'. माझ्या तक्त्यातही त्याच नावाचा रकाना आला. आजची दुसरी पाळी: स्ट्रोक १३,६०७, नमुना ३, रिजेक्ट ३५, चांगला माल १३,५६९. दोन्हीकडे.

उद्या: प्रेस ३६ चा टॉवर लाइट. पिवळा आणि हिरवा एकाच वेळी लागतो, आणि त्याचा अर्थ तीन ऑपरेटरांनी तीन सांगितलाय.